लाईट जाऊन आली आणि जेलिफिनमधली सगळी भजनं गायब (डॉकर, जुना ऑफिस पीसी, यूएसबी डिस्क)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाच विचारत बसावं लागेल म्हणून सगळं लिहितो.

घरी (कराड) एक सेकंडहँड ऑफिसचा छोटा डेस्कटॉप आहे, आय-फाइव्ह सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. त्यावर डेबियन टाकलंय, डेस्कटॉपसकट. ४ टीबीची बाहेरची डिस्क यूएसबीला लावलीय, ती आल्या आल्या लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करून घेतली आणि लेबल दिलं 'साठा'. डॉकर कंपोजने (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय, सेटिंग एका फाइलमध्ये) जेलिफिन (घरच्या गाण्या-व्हिडिओंचा सर्व्हर) चालवतो, त्या फाइलमध्ये दोन व्हॉल्यूम (कंटेनरला दिलेली बाहेरची फोल्डर) आहेत, /मीडिया/कृष्णा/साठा/भजन आणि /मीडिया/कृष्णा/साठा/व्हिडिओ. कॉन्फिग एसएसडीवर होम फोल्डरमध्ये. दीड वर्ष काही म्हणजे काही त्रास नव्हता.

साठ्यात काय आहे ते सांगतो म्हणजे मी एवढा का घाबरलोय ते कळेल. वडील तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पेटीवर असायचे, त्यांच्या ६२ कॅसेट होत्या, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. सप्ताहातली भजनं, काकड आरत्या, गवळणी, भारुडं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून पीसीच्या लाइन-इनला वायर लावून ऑडॅसिटीत एकेक साइड चालवत दिवाळीपासून होळीपर्यंत बसलो होतो, मग प्रत्येक अभंग कापून वेगळा करून फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवणारा फाइलचा प्रकार) ठेवला. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आई रोज संध्याकाळी दिवा लावला की टीव्हीवर तेच लावते.

आता प्रॉब्लेम. आतापर्यंत इन्व्हर्टर होता म्हणून पीसी कधी बंदच पडला नव्हता, गेल्या महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी गेली. मग एकदा दुपारी दोन तास लाईट गेली, आली, पीसी आपोआप चालू झाला (बायोसमध्ये तसं लावलंय), जेलिफिनही चालू झाला. संध्याकाळी आईचा फोन, भजनं दिसतायत पण लावली की चालत नाहीत. मी घरी आलो, लॉगिन केलं, कंटेनर रीस्टार्ट केला, तेच. म्हटलं रविवारी बघू. मधल्या काळात मामाकडून आलेली ६३वी कॅसेट तयार होती ती लॅपटॉपवरून नेहमीच्या जागी कॉपी करायला गेलो तर परमिशन नाही म्हणाला, म्हणून पीसीवर जाऊन सुडो लावून (ॲडमिनच्या हक्काने) टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भजनाच्या लायब्ररीत फक्त कॅसेट ६३. बाकी ६२ गायब. आईला वाटलं माझ्या हातून सगळं पुसलं गेलं, ती काही बोलली नाही पण दिवसभर गप्प होती.

प्रश्न:

फाइल मॅनेजरमध्ये आता डिस्कचं नाव 'साठा१' असं दिसतंय. आत फोल्डर आहेत असं वाटतंय पण भीतीने काही उघडलं नाही. हे काय आहे?

अभंगांची नावं मी जेलिफिनमध्ये एकेक हाताने मराठीत टाइप केली होती, सातशेच्या आसपास. ती परत मिळतील का?

भावाने फोनवर काढलेले पुतण्याच्या लग्नाचे व्हिडिओ आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर अडकत अडकत चालतात, त्या वेळी पीसीचा सीपीयू १०० टक्के.

आणि बहीण जर्मनीत असते, तिलाही ही भजनं ऐकायचीत, पण इंटरनेटवाला म्हणतो तुम्हाला पब्लिक आयपी नाही.

ठाणे_वेस्ट

लायब्ररी डिलीट करून परत ॲड करा आणि फुल स्कॅन मारा, माझं असंच झालं होतं, ठीक झालं.

सिस्टीमवाला_नाशिक

कृष्णाकाठ, थांबा. लायब्ररी डिलीट करू नका, स्कॅन मारू नका, आधी कंटेनर बंद करा (डॉकर कंपोज स्टॉप, बस). आणि आईंना आजच सांगा की भजनं सगळी जागेवर आहेत. तुमची डिस्क ठणठणीत आहे, फक्त ती दुसऱ्या नावाने जोडली गेलीय.

काय झालं ते क्रमाने सांगतो.

तुमची डिस्क आजवर कोण जोडत होतं? डेस्कटॉप. तुम्ही लॉगिन केलं की डेस्कटॉप यूएसबी डिस्क बघतो आणि /मीडिया/तुमचं नाव/लेबल इथे माउंट करतो (म्हणजे जोडतो). लाईट जाऊन आली तेव्हा पीसी चालू झाला, पण लॉगिन कोण करणार? कुणीच नाही. म्हणजे डिस्क जोडलीच नाही. डॉकर मात्र लॉगिनची वाट बघत नाही, तो मशीनबरोबर उठतो. त्याने कंपोजमध्ये बघितलं, /मीडिया/कृष्णा/साठा/भजन पाहिजे, तिथे काही नाही, आणि व्हॉल्यूम एका ओळीत कोलन देऊन लिहिला असेल तर डॉकर अशा वेळी एरर देत नाही, तो स्वतःच फोल्डर तयार करतो. रिकामं, एसएसडीवर, रूटच्या (म्हणजे ॲडमिनच्या) मालकीचं. तुम्हाला कॉपी करताना परमिशन नाही म्हणाला ना, तिथेच उत्तर होतं, तो फोल्डर तुमचा नव्हताच, डॉकरने बनवलेला होता.

संध्याकाळी तुम्ही लॉगिन केलं, डेस्कटॉप डिस्क जोडायला गेला तर 'साठा' नावाचं फोल्डर आधीच हजर, म्हणून त्याने शेपटीला १ लावून 'साठा१' केलं. तीच तुमची खरी डिस्क. उघडून बघा, बिनधास्त.

आता भजनं दिसत होती पण चालत नव्हती ते का, आणि मग गायब का झाली? जेलिफिन स्कॅन करताना लायब्ररीचं फोल्डर पूर्ण रिकामं दिसलं तर काहीतरी गडबड आहे असं धरून ते सोडून देतो, यादी पुसत नाही. त्यामुळे पहिले काही दिवस यादी शाबूत होती. तुम्ही कॅसेट ६३ टाकलीत आणि फोल्डर रिकामं राहिलं नाही. रात्रीच्या स्कॅनला वाटलं फोल्डर नीट आहे, आत एकच कॅसेट आहे, म्हणजे बाकीच्या मालकाने काढून टाकल्या, आणि त्याने ६२ कॅसेटच्या नोंदी पुसल्या. नोंदी पुसल्या, फाइल नाही.

दुरुस्ती अशी करा, घाई न करता.

कंटेनर बंद आहे याची खात्री करा. साठा१ अनमाउंट करा. आता /मीडिया/कृष्णा/साठा मध्ये जा, तिथे एसएसडीवरचं खोटं फोल्डर असेल, आत भजन/कॅसेट-६३ आणि रिकामं व्हिडिओ. कॅसेट ६३ होम फोल्डरमध्ये हलवा. मग ती रिकामी फोल्डर आरएमडीआयआरने काढा, आरएम -आर अजिबात वापरू नका. आरएमडीआयआर फक्त रिकामं फोल्डर काढतं, आत चुकून काही असेल तर नकार देतं, अशा कामाला तेच पाहिजे.

मग एलएसबीएलके -एफ चालवा, डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख नंबर) मिळेल. /एमएनटी/साठा असं नवीन फोल्डर बनवा आणि डिस्क जोडण्याआधी त्यावर चॅटर +आय मारा. याने ते रिकामं फोल्डर कुलूपबंद होतं, डिस्क नसताना रूटसुद्धा त्यात काही लिहू शकत नाही, डिस्क जोडली की नेहमीसारखं वापरता येतं. ही एक ओळ आधी असती तर तुमच्यावर ही वेळ आली नसती. नंतर एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) यूयूआयडीने ओळ टाका, ऑप्शनमध्ये नोफेल ठेवा, म्हणजे एखाद्या दिवशी डिस्क नसली तरी मशीन बूट होताना अडकणार नाही. आता डिस्क जोडायचं काम डेस्कटॉपकडे राहिलं नाही, लॉगिन असो नसो.

कंपोजमध्ये व्हॉल्यूम लांब पद्धतीने लिहा: टाइप बाइंड, सोर्स /एमएनटी/साठा/भजन, टार्गेट /भजन, रीड-ओन्ली ट्रू, आणि बाइंडखाली क्रिएट-होस्ट-पाथ फॉल्स (फाइलमध्ये या नावांत डॅशच्या जागी अंडरस्कोअर). सोर्स डिस्कच्या आतलं फोल्डर आहे हे महत्त्वाचं. नुसतं /एमएनटी/साठा दिलंत तर ते डिस्क नसतानाही असतंच आणि डॉकरला काही कळत नाही, पण /एमएनटी/साठा/भजन हे डिस्क असेल तरच असतं, नसेल तर डॉकर सरळ एरर देऊन थांबेल. टार्गेटचं नाव आधीचं होतं तेच ठेवा म्हणजे जेलिफिनमधली लायब्ररी बदलावी लागणार नाही. रीड-ओन्ली अशासाठी की जेलिफिनला तुमच्या फ्लॅक फाइलमध्ये काही लिहायची गरज नाही, ॲपमधून चुकून डिलीट दाबलं तरी फाइल हलणार नाही.

शेवटचं, सिस्टीमसीटीएल एडिट डॉकर करून युनिट सेक्शनमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही ओळ टाका (सगळं सलग, मधे डॅश नाहीत), पुढे बरोबर करून /एमएनटी/साठा. मग डॉकर डिस्क जोडेपर्यंत थांबेल आणि नंतरच उठेल.

वऱ्हाडी_भाऊ

नाशिकवाल्या भाऊंनी लाखाचं सांगितलं, एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. पूर्ण डॉकरच डिस्कला बांधून टाकलं तर त्या मशीनवर दुसरं जे काही चालतं तेही डिस्कसोबत बसतं. माझ्याकडे त्याच पीसीवर पाय-होल आहे (जाहिराती अडवतो, घरातल्या सगळ्या वेबपत्त्यांची चौकशी त्याच्यातून जाते), एकदा डिस्कचा अडॅप्टर गेला आणि घरातलं अख्खं इंटरनेट बंद, पोरांचा ऑनलाइन क्लास चालू होता. ज्यांच्याकडे नुसतं जेलिफिन आहे त्यांनी बांधा, बाकीच्यांनी क्रिएट-होस्ट-पाथ फॉल्सवर भागवावं.

आणि कृष्णाकाठ भाऊ, एक विनंती, या सगळ्या भानगडीत कुठेतरी वाचून डॉकर कंपोज डाउनला -व्ही लावू नका. माझं कॉन्फिग नेम्ड व्हॉल्यूममध्ये होतं, मी -व्ही लावला, त्याने व्हॉल्यूमही पुसले, युजर, पाहिलेल्याच्या खुणा, प्लेलिस्ट सगळं गेलं. तुमचं होम फोल्डरमध्ये आहे म्हणून तुम्ही वाचाल, तरीपण हात दूरच ठेवा.

सिस्टीमवाला_नाशिक

वऱ्हाडी भाऊ, पाय-होलचं बरोबर, ते लक्षात आलं नव्हतं. फक्त एवढं धरा की क्रिएट-होस्ट-पाथ फॉल्स असताना डिस्क उशिरा आली तर कंटेनर सुरूच होत नाही, आणि जो सुरूच झाला नाही त्याला रीस्टार्ट पॉलिसी पुन्हा उठवत नाही, म्हणजे हाताने चालू करावा लागेल. कृष्णाकाठ ऑफिसात असतात, आई एकट्या असतात. म्हणून त्यांच्यासाठी मी वाट बघणारा पर्याय सांगितला.

कृष्णाकाठ

नाशिककर, साठा१ उघडलं. सगळं आहे. ६२ च्या ६२. आईला फोन करून सांगितलं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

रात्री बसून बाकीचं करतो. पीसीवर दुसरे कंटेनर नाहीत, त्यामुळे डॉकर बांधूनच टाकतो. नावांचं काही होईल का? कॉन्फिगचा बॅकअप नाही माझ्याकडे.

सिस्टीमवाला_नाशिक

बॅकअप नसेल तर जेलिफिनमध्ये टाइप केलेली नावं गेली, खोटी आशा दाखवत नाही. नोंद पुसली की तिच्याबरोबर तेही जातं.

पण आता परत टाइप करणारच आहात तर जेलिफिनमध्ये करू नका, फाइलमध्येच करा. फ्लॅकला टॅग असतात आणि ते यूटीएफ-८ मध्येच असतात, देवनागरी व्यवस्थित बसतं. टॅग फाइलच्या पोटात राहतो, जेलिफिन गेलं, पीसी गेला, उद्या तुम्ही नेव्हिड्रोम (दुसरा गाण्यांचा सर्व्हर) लावलंत किंवा नुसती पेनड्राइव्ह गाडीत लावलीत तरी अभंगाचं नाव त्याच्याबरोबर जाईल. कंटेनर कधीही फेकून नवीन उभा करता आला पाहिजे, डॉकर वापरायचं ते त्यासाठीच, मग जी गोष्ट फेकायची नाही ती त्याच्या पोटात का ठेवायची?

किड-थ्री नावाचा प्रोग्रॅम डेबियनमध्ये मिळतो. सातशे नावं एकेक करून टाकू नका. एका कॅसेटची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, एका ओळीत एक अभंग, आणि ती इंपोर्ट करा, क्रमाने सगळ्या फाइलना लागते. कॅसेटची साइड ए म्हणजे डिस्क नंबर १, साइड बी म्हणजे २, जेलिफिन तसे गट पाडून दाखवतो. अल्बमचं नाव 'कॅसेट ०७' असं शून्य लावून ठेवा म्हणजे ७ च्या आधी १० येणार नाही. अल्बम आर्टिस्टमध्ये मंडळाचं नाव सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखं लिहा, एका ठिकाणी 'भजनी मंडळ' आणि दुसऱ्या ठिकाणी 'भजन मंडळ' झालं की दोन वेगळी मंडळं दिसतील.

यादी कुठे आहे का तुमच्याकडे?

कृष्णाकाठ

आहे! बाबांची वही आहे, प्रत्येक कॅसेटला एक पान, साइडप्रमाणे, कोणी म्हटला तेही लिहिलंय, तारीख पण आहे बऱ्याच ठिकाणी. मी पहिल्यांदा टाइप करताना फक्त नावं घेतली होती, गाणाऱ्याचं नाव घ्यायचं सुचलंच नव्हतं. आता ते आर्टिस्टमध्ये टाकतो आणि तारखेतलं साल वर्षात. आई म्हणतेय मी वाचून दाखवते तू टाइप कर.

अनघा_बंगळुरू

दादा, व्हिडिओचं मी सांगते, मलाही यात बरेच दिवस गेलेत.

भावाचा फोन आयफोन १२ किंवा त्यानंतरचा आहे का? असेल तर तो डिफॉल्टने एचडीआर रेकॉर्ड करतो, म्हणजे एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून ठेवायची नवी पद्धत) १०-बिट. जुन्या टीव्हीला ते झेपत नाही, म्हणून जेलिफिन चालू असतानाच त्याचं एच.२६४ (जुनी पद्धत) करून पाठवतो, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. हे काम सीपीयूऐवजी इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर टाकता येतं (क्विक सिंक), पण तुमची सहावी जनरेशन एचईव्हीसी ८-बिटच हार्डवेअरमध्ये उलगडते, १०-बिट सातव्या जनरेशनपासून आहे. म्हणून सीपीयू १०० वर जातो. तुमच्या सेटिंगमध्ये चूक नाहीये, चिपमध्येच ते नाही.

तरी क्विक सिंक चालू करून घ्याच, बाकीच्या व्हिडिओंना उपयोग होईल. कंपोजमध्ये डिव्हाइसेसखाली /डेव्ह/डीआरआय द्यायचं, आणि होस्टवर रेंडर ग्रुपचा नंबर काढून (गेटेंट ग्रुप रेंडर) तो ग्रुप-ॲडमध्ये टाकायचा. बरेच जण डिव्हाइस देतात आणि ग्रुप विसरतात, मग परमिशन डिनाइड येतं. जेलिफिनच्या ऑफिशियल इमेजमध्ये ड्रायव्हर आधीच असतात, वेगळं काही घालावं लागत नाही. डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकच्या पानावर कोडेकच्या टिका आहेत तिथे एचईव्हीसी १०-बिटची टीक मारू नका, तुमच्या चिपवर ती मारली की चालतंय तेही बंद पडेल.

लग्नाचे व्हिडिओ मात्र एकदाच बसून बदलून घ्या. मी रात्री एफएफएमपेग (व्हिडिओ बदलायचा प्रोग्रॅम) लावून झोपते, एच.२६४, १०८०पी, ८-बिट, आणि टोनमॅप फिल्टर लावते, तो नाही लावला तर रंग धुतल्यासारखे येतात, नवरीचा शालू राखाडी दिसतो. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, ती कधीच पुसू नका, टीव्हीला बदललेली कॉपी द्या. आणि भावाला सांगा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओमध्ये जाऊन एचडीआर बंद करायला, पुढच्या बारशापासून त्रास नाही.

नवीन मशीन घ्यायचंच झालं तर एन१०० चिपवाले छोटे पीसी मिळतात, त्यांना १०-बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ दोन्ही उलगडता येतं. रास्पबेरी पाय ५ घेऊ नका या कामासाठी, त्यात व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअरच नाहीये. पण फक्त भजनांसाठी तुमचा आहे तो पीसी भरपूर झाला.

हॅनोव्हरकर

मी जर्मनीतूनच लिहितोय, आमचा सर्व्हर रत्नागिरीला आईवडिलांकडे आहे त्यामुळे बहिणीचा प्रश्न मला नीट कळतो.

इंटरनेटवाला खरं बोलतोय. राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा, १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एक पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे आणि बाहेरून तुमच्या घरापर्यंत सरळ रस्ता नाही. पोर्ट फॉरवर्ड कितीही केलं तरी उपयोग नाही, आणि खरं सांगतो, जमत असतं तरी करू नका. जेलिफिन उघडं इंटरनेटवर ठेवायचं म्हणजे रोज अपडेटवर लक्ष ठेवायचं.

टेलस्केल (आपल्या मशीनचं खाजगी नेटवर्क करणारा प्रोग्रॅम) लावा. पीसीवर लावा, बहिणीच्या फोनवर लावा, दोन्हीकडे तेच अकाउंट नाहीतर तिला आमंत्रण पाठवा. आतून वायरगार्ड (व्हीपीएन) आहे, सीजीनॅट असलं तरी दोन्ही बाजू एकमेकींना शोधून काढतात. पीसीला १०० ने सुरू होणारा एक आयपी मिळेल (सीजीनॅटच्याच रेंजमधला असतो, गोंधळू नका), बहिणीने जेलिफिनच्या ॲपमध्ये तो आयपी आणि पुढे ८०९६ टाकायचं. झालं. स्टॅटिक आयपीचे पैसे भरू नका. तिला ॲपमध्ये क्वालिटी ३२० केबीपीएसवर ठेवायला सांगा, पूर्ण फ्लॅक पाठवायची गरज नाही, कॅसेटवरून आलेला आवाज तेवढ्यात व्यवस्थित येतो.

एक सावधगिरी, यूएफडब्ल्यू (फायरवॉल) लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. डॉकरने पोर्ट पब्लिश केला की तो स्वतःचे आयपीटेबल्सचे नियम घालतो आणि ते यूएफडब्ल्यूला बगल देऊन जातात, यूएफडब्ल्यूमध्ये ८०९६ बंद असा दिसत असतो आणि प्रत्यक्षात उघडा असतो. सीजीनॅटमागे सध्या फरक पडत नाही पण उद्या लाइन बदललीत तर लक्षात असू द्या.

आमच्याकडे वडील रोज सकाळी सहाला रेडिओसारखं लावतात, आणि इथे त्या वेळी मध्यरात्र उलटून गेलेली असते. रविवारी मी वेळ काढून जेलिफिनच्या सिंकप्लेमध्ये त्यांच्याबरोबर बसतो, दोन्हीकडे एकाच वेळी तोच व्हिडिओ चालतो, तुमच्या आई आणि बहिणीने करून बघावं.

वऱ्हाडी_भाऊ

लाईटचं कोणीच बोललं नाही. इन्व्हर्टरची बॅटरी येईल तेव्हा येईल, एक छोटा यूपीएस घ्या भाऊ, आणि डिस्कचा अडॅप्टरही त्याच यूपीएसवर लावा. लोक पीसी लावतात आणि डिस्क भिंतीच्या बोर्डात ठेवतात, मग लाईट गेली की पीसी चालू आणि डिस्क गेली, ते तर आणखी वाईट. यूपीएसची यूएसबी वायर पीसीला जोडून नट टाकलं (नेटवर्क यूपीएस टूल्स) की बॅटरी संपत आली की पीसी स्वतः नीट बंद होतो.

बिलाची चिंता असेल तर हिशोब सोपा आहे, २० वॅट सतत म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिट. घरगुती स्लॅब १०० युनिटवर बदलतो, तुमचं बिल ९०-९५ युनिटवर असेल तर तेवढं बघून घ्या.

आणि दुसरी डिस्क. ६२ कॅसेट एका यूएसबी डिस्कवर आहेत हे वाचूनच जीव घाबरला माझा. कॅसेट तरी सांभाळल्यात ना?

कृष्णाकाठ

कॅसेट आहेत, पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. पण ११ नंबरची टेप डिजिटल करतानाच तुटली होती, तिचा आता फ्लॅकच आहे फक्त. दुसऱ्या डिस्कची ऑर्डर दिली काल.

अनघा_बंगळुरू

डिस्क आली की भजनाचं फोल्डर आरसिंकने कॉपी करा, पण डिलीटचा ऑप्शन न लावता, नाहीतर एका बाजूला चुकून पुसलं तर दुसऱ्या बाजूलाही पुसलं जाईल. कॉन्फिगचीही कॉपी ठेवा, ती घेताना कंटेनर थांबवायचा, आत एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे, चालू असताना कॉपी केला तर अर्धवट येऊ शकतो. इमेजला लेटेस्ट टॅग लावला असेल तर काढून ठरावीक व्हर्जन लिहा. १०.११ मध्ये त्यांनी डेटाबेसची रचनाच बदलली, तिथे गेलं की जुन्यावर नुसतं व्हर्जन बदलून परत येता येत नाही, आधीचा बॅकअपच लागतो.

आणि हे आईंसाठी: १०.९ पासून जेलिफिनमध्ये गाण्याचे शब्द दाखवता येतात. अभंगाच्या फाइलच्या बाजूला त्याच नावाची एलआरसी फाइल ठेवायची, यूटीएफ-८ मध्ये. वहीत अभंगही लिहिलेले असतील तर...

कृष्णाकाठ

सगळ्यांना कळवतो, काम झालं.

एफएसटॅब, चॅटर, कंपोज, डॉकरची ओळ, सगळं नाशिककरांनी सांगितलं त्या क्रमाने केलं. मग काल रविवारी मुद्दाम पीसी नीट बंद केला आणि डिस्कची यूएसबी काढून चालू केला, बघायला, की डिस्क नसेल तर काय होतं. डॉकर उठलाच नाही, सिस्टीमसीटीएल स्टेटसमध्ये डिपेंडन्सी फेल्ड आलं, आणि /एमएनटी/साठा मध्ये टच करून बघितलं तर ऑपरेशन नॉट परमिटेड. जीव शांत झाला. परत बंद करून डिस्क लावली, भिंतीचं बटण दाबलं, कीबोर्डला हात लावला नाही, टीव्हीवर भजनं आली.

नावांच्या १९ कॅसेट झाल्या आतापर्यंत. आई वही घेऊन बाजूला बसते, मी टाइप करतो, किड-थ्रीचं इंपोर्ट एकदम मस्त आहे, एक कॅसेट पाच मिनिटांत होते पण आम्हाला तास लागतो कारण आई प्रत्येक नावाला थांबते, हा अमक्या गावच्या सप्ताहाला म्हटला होता, त्या वर्षी पाऊस होता, पखवाजवाला आला नव्हता म्हणून तुझ्या बाबांनी नुसत्या पेटीवर काढला. मी ते पण टॅगमधल्या कॉमेंटच्या रकान्यात टाकायला लागलोय. कॉमेंटमध्ये लांब मजकूर चालतो ना? काहींना चार-पाच ओळी झाल्यात.

बहिणीकडे टेलस्केल झालं, पहिल्या दिवशी तिने कॅसेट ०४ साइड बी लावली.

सिस्टीमवाला_नाशिक

चालतो, फ्लॅकमध्ये चार-पाच ओळी म्हणजे काहीच नाही, लिहा हवं तेवढं. फक्त जेलिफिनच्या ॲपमध्ये कॉमेंट दिसेलच असं धरू नका, आईंना टीव्हीवर वाचायचं असेल तर तोच मजकूर अनघाताईंनी सांगितलेल्या एलआरसी फाइलमध्ये अभंगाच्या वर टाकून बघा. ११ नंबरची कॅसेट आधी कॉपी करा, दुसरी डिस्क येईपर्यंत थांबू नका, एसएसडीवर जागा आहे तुमच्या.

कृष्णाकाठ

केली आत्ताच. लॅपटॉपवर पण टाकली.